रिसेल फ्लॅटच्या खिडक्या बदलण्यापूर्वी भिंत तपासावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या येऊरकडच्या बाजूला, साधारण २० वर्षे जुन्या इमारतीत नवव्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट आपण दिवाळीत घेतला. हॉलची खिडकी पूर्वेला रस्त्याकडे, मोठ्या बेडरूमची पश्चिमेला डोंगराकडे, आणि लहान बेडरूम व स्वयंपाकघराच्या खिडक्या उत्तरेला आहेत. सगळ्या खिडक्या बिल्डरने बसवलेल्या टू-ट्रॅक (दोन खाचांवर सरकणाऱ्या) अ‍ॅल्युमिनियमच्या असून पश्चिमेच्या खिडकीखालचे प्लास्टर फुगले आहे आणि हॉलमध्ये रस्त्याचा आवाज व धूळ येते. तीन फॅब्रिकेटरांना (खिडक्या बनवणाऱ्यांना) बोलावले, तर एकाने यूपीव्हीसी (खिडक्यांच्या चौकटीचे एक प्रकारचे प्लास्टिक) सुचवले, दुसऱ्याने जाड सेक्शनचे (चौकटीच्या पट्टीचे) अ‍ॅल्युमिनियम, आणि तिसऱ्याने सगळीकडे दुहेरी काच. राहायला जाण्यापूर्वी सगळ्या खिडक्या बदलून घ्याव्यात का, आणि कोणत्या घ्याव्यात, हे आपल्याला ठरवायचे आहे.

मी गेली २२ वर्षे ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरात खिडक्या तयार करण्याचे आणि बसवण्याचे काम करतो. आपण वर्णन केले आहे त्यावरून माझे मत असे की चारही खिडक्या एकदम बदलू नयेत. पश्चिमेची बदलावी, पण आधी तिच्याभोवतीची भिंत दुरुस्त करून. हॉलची बदलावी, पण तिचा प्रकार पश्चिमेच्या खिडकीपेक्षा वेगळा असावा. आणि उत्तरेच्या दोन्ही खिडक्यांना चाके, ब्रश आणि फटी बुजवणारे सिलिकॉन नवे घालून त्या आणखी काही वर्षे खुशाल वापराव्यात. तिन्ही दरपत्रकांत सगळ्या खिडक्यांना एकच उत्तर दिले आहे आणि मला खटकते ते हेच. एकाच घरातल्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खिडकीवर पडणारा भार सारखा नसतो, मग इलाज तरी सारखा कसा असेल?

पश्चिमेच्या खिडकीबद्दल आधी सविस्तर लिहितो, कारण पैसे वाया जाण्याचा धोका तिथेच सर्वांत मोठा आहे. कोकणपट्टीत पावसाळी वारा प्रामुख्याने पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे या बाजूच्या भिंतीवर पाऊस वरून पडत नाही, समोरून आदळतो. खिडकीखालचे प्लास्टर फुगले की लोक खिडकीलाच दोष देतात. प्रत्यक्षात पाणी तीन वेगवेगळ्या वाटांनी आत येऊ शकते: खिडकीच्या ट्रॅकमधून, खिडकी आणि ग्रॅनाईटची चौकट यांच्या सांध्यातून, किंवा ग्रॅनाईटची चौकट आणि विटांची भिंत यांच्या मधल्या फटीतून. यातली तिसरी वाट सर्वांत जास्त आढळते आणि सर्वांत कमी तपासली जाते, कारण ती ग्रॅनाईटच्या पाठीमागे असते.

माझ्या स्वतःच्या कामातला एक प्रसंग सांगतो. सुरुवातीच्या काही वर्षांत डोंबिवलीतल्या एका कुटुंबासाठी मी पश्चिमेच्या दोन खिडक्या मे महिन्यात बदलल्या. सेक्शन चांगला होता, काच चांगली होती, काम नीटनेटके दिसत होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला की पाणी पूर्वीइतकेच येते आहे. मी गेलो तेव्हा नवी खिडकी कोरडी होती, ट्रॅकमध्ये थेंब नव्हता, आणि तरीही खालच्या भिंतीवरून पाण्याची बारीक रेघ उतरत होती. आजी त्या रेघेखाली जुनी धोतरे पिळून पिळून लावत होत्या. पावसाळ्यानंतर आम्ही खालची ग्रॅनाईटची पट्टी उचकटली, तेव्हा दिसले की ती बाहेरच्या बाजूला उतरती असण्याऐवजी आत, घराकडे उतरती बसवली होती, आणि तिच्याखाली भरलेला मसाला पोकळ होता. बाहेर पडलेले पाणी पट्टीवरून मागे सरकत त्या पोकळीत साठत होते. ते सगळे काम मी पुन्हा, माझ्या खर्चाने केले. त्या दिवसापासून मी ग्रॅनाईटवर लेव्हल ठेवून पाहिल्याशिवाय पश्चिमेच्या खिडकीचे दरपत्रक देत नाही.

आपणही हे घरच्या घरी तपासू शकता. खालच्या पट्टीवर बाहेरच्या भागात थोडे पाणी ओता आणि ते कुठे वाहते ते पाहा. बाहेर गेले तर उतार बरोबर आहे. जागच्या जागी थांबले किंवा ट्रॅककडे आले तर पट्टी उचलून पुन्हा बसवावी लागेल. मग नाण्याने ग्रॅनाईटवर सर्व बाजूंनी ठोकून पाहा. जिथे आवाज पोकळ येतो तिथे मागचा मसाला सुटलेला आहे. बाहेर वरच्या बाजूला छज्जा असेल, तर त्याच्या खालच्या कडेजवळ एक बारीक लांब खाच असायला हवी, जिच्यामुळे पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत न येता तिथेच थेंबाथेंबाने गळून पडते. जुन्या इमारतींत बाहेरून रंगकाम करताना ही खाच पुष्कळदा पुट्टीने बुजवून टाकलेली असते. बाहेरच्या भिंतीला तडे दिसत असतील तर तो आपल्या एकट्याच्या खर्चाचा विषय नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतींच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची असते, म्हणून खिडकीची ऑर्डर देण्यापूर्वी फोटो जोडून कमिटीला लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी.

आता ट्रॅकविषयी. जोराच्या पावसात सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी बुडबुडताना आपण पाहिले असेल. ते पाणी वाऱ्याच्या दाबाने वर ढकलले जाते. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा, म्हणजे सेकंदाला २० मीटर, काचेवर चौरस मीटरला सुमारे २४० न्यूटन इतका दाब देतो, आणि एवढा दाब पाण्याला जवळजवळ अडीच सेंटिमीटर वर उचलू शकतो. जुन्या हलक्या सेक्शनमध्ये ट्रॅकची आतली भिंत याच्या आसपासच उंच असते, म्हणून वादळी पावसात पाणी ती ओलांडून आत सांडते. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरला आहे. पुण्यातल्या नातेवाइकांकडे चांगली चाललेली खिडकी ठाण्यात नवव्या मजल्यावर तशीच चालेल असे म्हणूनच गृहीत धरू नये. पश्चिमेसाठी सरकती खिडकी घ्यायचीच असेल, तर आतल्या बाजूला उंच, पायरीसारखा चढत जाणारा ट्रॅक मागावा आणि पाणी बाहेर पडायची छिद्रे बाहेरच्या बाजूला, झाकणांसह आहेत याची खात्री करावी. आपल्या जुन्या खिडकीची ही छिद्रे एकदा सुईने साफ करून पाहा. एका घरी मला त्यांत २० वर्षांचा रंग आणि सिमेंट साचलेले सापडले आणि नुसत्या त्या सफाईने निम्मा त्रास कमी झाला.

पश्चिमेच्या खिडकीसाठी माझी पसंती मात्र सरकत्या खिडकीला नाही. मधला भाग स्थिर काचेचा आणि दोन्ही बाजूंना बिजागरीवर उघडणारी झडप, जिच्या कडेला सर्व बाजूंनी रबर दाबले जाते आणि कुलूप एका ठिकाणी नव्हे तर तीन-चार ठिकाणी अडकते, अशी रचना पाऊस फार चांगला अडवते. अडचण एकच आणि ती खरी आहे: बाहेर ग्रिल असेल तर बाहेर उघडणारी झडप उघडत नाही, आणि आत उघडणारी झडप पडद्याला आणि पलंगाला अडते. आपल्याकडे ग्रिल भिंतीच्या रेषेत आहे की पेटीसारखे बाहेर आलेले आहे, हे आपण लिहिलेले नाही. रेषेत असेल तर ग्रिल आतल्या बाजूला घेऊन झडप बाहेर उघडता येते, पण मग झडप बंद करायला हात ग्रिलमधून बाहेर जाईल एवढी जागा ठेवावी लागते. स्थिर काच बाहेरून पुसायची कशी, हेही आधी ठरवा; नवव्या मजल्यावर तो भाग शेजारच्या झडपेतून हात घालून पुसता येईल इतकाच रुंद असावा, म्हणजे साधारण दोन फूट.

यूपीव्हीसी की अ‍ॅल्युमिनियम, या प्रश्नावर लोक फार वेळ घालवतात. दोन्ही पदार्थ चांगले आहेत आणि दोन्हींत वाईट माल भरपूर आहे. यूपीव्हीसीचे कोपरे उष्णतेने जोडलेले असल्यामुळे तिथून पाणी झिरपत नाही, समुद्राच्या खाऱ्या हवेचा त्याच्यावर परिणाम होत नाही आणि ते उन्हाने अ‍ॅल्युमिनियमसारखे तापत नाही. पण ते स्वतः लवचीक असते; त्याच्या पोटात गॅल्व्हनाइज्ड स्टीलची पट्टी भरलेली नसेल तर मोठी चौकट वाऱ्याने वाकते. विक्रेत्याकडून कापलेला नमुना मागून आत स्टील आहे का, आणि असल्यास किती जाड आहे, हे डोळ्यांनी पाहावे. रंगीत किंवा लाकडी छटेपेक्षा पांढरे घ्यावे, कारण पश्चिमेच्या उन्हात गडद रंगाची चौकट जास्त तापते. अ‍ॅल्युमिनियम कमी रुंदीत जास्त ताकद देते, पण त्याचे कोपरे स्क्रूने किंवा दाबून जोडलेले असतात आणि जोडताना आतून सीलंट भरले नाही तर तिथूनच पाणी येते. हे फॅक्टरीत करायचे काम आहे. खिडकी बसल्यावर वरून सिलिकॉन फासून ते होत नाही. पश्चिमेच्या खिडकीसाठी मी स्टील भरलेले पांढरे यूपीव्हीसी घेईन. हॉलची खिडकी सहा फुटांपेक्षा रुंद असेल तर तिथे चांगल्या जाडीचे, पावडर कोटिंग केलेले अ‍ॅल्युमिनियम घेईन.

हॉलचा मुख्य त्रास आवाजाचा आहे. आवाज हवेच्या वाटेने येतो, म्हणून पहिला इलाज फटी बंद करणे हा आहे. रात्री खिडकी बंद करून, पंखा थांबवून, उदबत्ती तिच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर जिथे आडवा पळतो तिथून आवाजही येतो आणि घोडबंदर रस्त्याची धूळही. सरकत्या खिडकीत दोन पाट (सरकणाऱ्या काचेच्या चौकटी) एकमेकांवर येतात त्या मधल्या उभ्या रेषेवर आणि वरच्या ट्रॅकमध्ये हा धूर हमखास पळतो, कारण तिथे फक्त ब्रश असतो. फटी बंद झाल्यावर काचेचा विचार करावा. आवाजासाठी लॅमिनेटेड काच, म्हणजे दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पातळ थर असलेली काच, तेवढ्याच जाडीच्या साध्या किंवा टफन्ड (तापवून कणखर केलेल्या) काचेपेक्षा सरस असते, कारण तो मऊ थर कंपने शोषून घेतो. शिवाय ती फुटली तरी तुकडे थराला चिकटून राहतात आणि खाली रस्त्यावर पडत नाहीत; नवव्या मजल्यावर, आणि खाली माणसांची ये-जा असताना, मला ही गोष्ट आवाजाइतकीच महत्त्वाची वाटते. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. आपल्या फोनवरच्या अ‍ॅपने खिडकी उघडी आणि बंद असताना मोजून ठेवा. आकडे अगदी अचूक नसतील, पण नवी खिडकी बसल्यावर फरक किती पडला हे त्यावरून कळेल. खिडकी उघडताच आवाज आत येणार, हे मात्र स्वीकारावे लागेल. रात्री खिडकी बंद ठेवण्याची आपली तयारी नसेल तर या खर्चाचा उपयोग थोडाच होईल.

दुहेरी काच, म्हणजे मध्ये हवेची पोकळी असलेल्या दोन काचा, या सूचनेशी मी आपल्या बाबतीत सहमत नाही. थंड देशांत घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून ती वापरतात आणि तिथे तिचे मोल मोठे आहे. ठाण्यात आपल्याला त्रास होतो तो दुपारनंतर काचेतून सरळ आत येणाऱ्या उन्हाचा, आणि दोन साध्या पारदर्शक काचाही ते ऊन बऱ्यापैकी आत सोडतात. त्यापेक्षा ऊन परतवणारा थर असलेली एकेरी काच, आणि शक्य असेल तर बाहेरच्या बाजूला बांबूचा पडदा, हे पश्चिमेला जास्त उपयोगी पडते. पडदा आत लावला तर ऊन घरात आल्यावर अडते, बाहेर लावला तर येण्यापूर्वीच. दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत दुहेरी काचेचा खर्च भरून निघू शकतो. आपल्या बेडरूममध्ये एसी रात्री काही तासच लागणार आहे आणि उरलेला वेळ खिडकी उघडी राहणार आहे.

स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण हवाबंद करू नका. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो आणि गळती झाल्यास वर साचतो, म्हणून वरच्या भागात कायम उघडी जाळी हवी. सिलिंडरचा गॅस जड असतो आणि खाली साचतो, म्हणून सिलिंडर असेल तर हवा जायची वाट जमिनीलगत हवी.

ग्रिलविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. लहान मुले असतील तर ग्रिल हवेच, पण प्रत्येक ग्रिलला आतून उघडणारे, माणूस बाहेर निघू शकेल एवढे दार असावे, त्याला कुलूप असावे आणि किल्ली त्याच खोलीत, मुलांच्या हाताबाहेर पण घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असलेल्या खिळ्यावर असावी. आग लागते तेव्हा जिन्यात धूर भरलेला असतो आणि अग्निशमन दलाची शिडी खिडकीशीच येते. खिडक्या बदलताना ग्रिल काढलेले असतेच, तेव्हाच हे दार करून घ्यावे. नंतर ते कुणी करत नाही असा माझा अनुभव आहे.

आता व्यवस्थेचे पाहू. सर्वांत आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या; बाहेरून दिसणारा रंग, काचेची छटा आणि पाटांची विभागणी यांवर कमिटीचा नियम असतो, आणि काळी काच बसवून झाल्यावर ती काढायला लागलेली घरे मी पाहिली आहेत. मलबा कुठे टाकायचा, लिफ्ट कोणत्या वेळेत वापरायची आणि अनामत किती, हेही त्याच पत्रात स्पष्ट करून घ्या. मुंबई परिसरात मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून धरली जाते, त्यामुळे भिंतीचे आणि ग्रॅनाईटचे काम जानेवारीत, अंतिम माप फेब्रुवारीत आणि खिडक्या मार्च-एप्रिलमध्ये बसतील असे नियोजन करा. भिंतीचे काम पूर्ण झाल्याशिवाय अंतिम माप देऊ नका. माप घेणारा माणूस रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण मोजतो का, ते जवळ उभे राहून पाहा. जुन्या इमारतीत खिडकीचा गाळा काटकोनात सहसा नसतो, आणि जो एकदाच टेप लावून निघून जातो त्याची खिडकी एका कोपऱ्यात घट्ट आणि दुसऱ्यात बोटभर फटीची येते. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, म्हणून मापातली चूक म्हणजे नवी काच.

दरपत्रकात चौरस फुटाचा नुसता दर मान्य करू नका. सेक्शनची जाडी मिलिमीटरमध्ये, काचेचा प्रकार आणि जाडी, चाके व कुलूप कोणत्या बनावटीचे, जाळी धरली आहे की वेगळी, जुनी खिडकी काढून नेणे, बाहेरून झुला किंवा परांची लागली तर तिचा खर्च, आणि १८ टक्के जीएसटी, हे सगळे त्यात लिहिलेले असावे. आपली तिन्ही दरपत्रके यातले काही ना काही गाळत असतील, आणि म्हणूनच त्यांच्या रकमांची तुलना आत्ता करता येणार नाही. आगाऊ निम्मी रक्कम, माल आल्यावर मोठा हिस्सा आणि शेवटचे दहा टक्के पाण्याच्या चाचणीनंतर, अशी मांडणी मी स्वतः ग्राहकांना देतो. जो ती नाकारतो त्याला कारण विचारावे.

बसवण्याच्या दिवशी आपण घरी असावे. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये चारही बाजूंनी पाचेक मिलिमीटर सारखी फट राहिली पाहिजे आणि ती आधी फोमने, मग बाहेरून सिलिकॉनने भरली गेली पाहिजे. सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर काम थांबवा. ते आम्लधर्मी सिलिकॉन असते, ते दगड आणि सिमेंटवर नीट धरत नाही आणि संगमरवराला डाग पाडते. न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन, आणि तेही कोरड्या, धूळ पुसलेल्या पृष्ठभागावर, असे दरपत्रकातच लिहून घ्या. सिलिकॉन पूर्ण वाळल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बाहेरून पाइपने खालपासून सुरू करून हळूहळू वर जात पंधरा-वीस मिनिटे पाणी मारून पाहा आणि एका माणसाला आत टॉर्च घेऊन बसवा. खालून सुरू करण्याचे कारण असे की वरून सुरू केले तर पाणी सगळीकडे ओघळते आणि कोणता सांधा गळतो ते कळत नाही. आतल्या भिंतीला रंग या चाचणीनंतरच द्यावा.

आपण ग्रिलचा प्रकार, पश्चिमेच्या खिडकीचे माप आणि खालच्या ग्रॅनाईटवरचे पाणी कोणत्या दिशेला वाहते, एवढे कळवलेत तर पश्चिमेच्या खिडकीचा नेमका आराखडा मी सांगू शकेन.